लेसर रेंजफाइंडर नवीन घेतलाय? लांबच्या शिकारीला निघण्याआधी हे करून बघा

नवीन माणूस रेंजफाइंडर डोळ्याला लावतो, बटण दाबतो, समोर ४१२ आकडा येतो आणि तो धरून चालतो की सावज ४१२ मीटरवर आहे. आकडा चुकीचा नसतो बरं का, मशीन सहसा एखाद्या मीटरच्या फरकाने बरोबरच सांगतं, प्रश्न एवढाच असतो की हे ४१२ नेमके कशाचे? हरणाचे, त्याच्या पुढच्या गवताचे, की मागच्या बांधाचे? हे मशीनला कळत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सगळं शिकायचं आहे ते हेच. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करत जा. आणि एक गोष्ट आधीच, तुमच्या भागात शिकार कायदेशीर आहे का, परवाना काय लागतो, आणि शिकारीत असलं इलेक्ट्रॉनिक उपकरण चालतं का हे आधी बघून घ्या, कारण काही ठिकाणी काही प्रकारच्या शिकारीत त्यावर बंधनं असतात. शिकार करायची नसेल, फक्त लांबच्या टार्गेटवर नेमबाजी करायची असेल तरी यातलं बहुतेक सगळं तसंच्या तसं लागू पडतं.

मशीन आत काय करतं ते दोन मिनिटं समजून घ्या

रेंजफाइंडर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेसरच्या बारीक बारीक पल्स सोडतो. हातात धरायच्या बहुतेक मॉडेलमध्ये ९०५ नॅनोमीटरचा लेसर असतो, काही महागड्यांमध्ये १५५० चा. ती पल्स समोर कशावर तरी आपटते, त्यातला थोडासा प्रकाश परत येतो, आणि जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३०० मीटरवर जाऊन परत यायला फक्त २ मायक्रोसेकंद लागतात आणि मशीन तेवढा वेळ मोजतं. म्हणून म्हटलं की मोजण्यात चूक फारशी नसते.

चूक होते ती बीम (लेसरचा झोत) पसरतो म्हणून. टॉर्चचा झोत भिंतीपासून लांब गेलं की मोठा होतो तसाच हा पण होतो, फक्त दिसत नाही. हे पसरणं मिलिरेडियनमध्ये सांगतात, हिशोब एकदम सोपा आहे, १ मिलिरेडियन म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. तुमच्या मशीनचा बीम १.५ मिलिरेडियन असेल तर ४०० मीटरवर तो ६० सेंटीमीटरचा झाला, ६०० वर ९० सेंटीमीटरचा. आता मध्यम हरणाची पाठ ते छाती एवढी उंची बघितली तर ती ४०-५० सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे रेटिकल (आत दिसणारी नेमाची खूण) अगदी मधोमध ठेवलंत तरी बीमचा काही भाग जनावराच्या बाहेर सांडतोच. बऱ्याच मशीनमध्ये बीम गोल नसून लांबट चौकोनी असतो, समजा २.५ बाय ०.५, तर ४०० मीटरवर तो १ मीटर बाय २० सेंटीमीटर होतो, आणि तो आडवा आहे की उभा यानेही खूप फरक पडतो. सपाट मैदानात आडवा बीम बरा, उभा असेल तर खालचं टोक पुढच्या गवतावर आणि वरचं टोक पाठीवरून मागे जातं.

बॉक्सवर लिहिलेला १,५०० किंवा २,००० मीटरचा आकडा चकचकीत परावर्तक टार्गेटचा असतो. आपल्याला बघायचा तो हरणासाठीचा आकडा, तो वेगळा लिहिलेला असतो आणि बऱ्याचदा निम्मा किंवा त्याहून कमी असतो, कारण केसाळ अंगावरून प्रकाश विखुरतो, थोडाच परत येतो. भर उन्हात तर तोही आकडा मिळेलच असं नाही, सूर्याच्या प्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असतो आणि त्या गर्दीत आपली पल्स ओळखणं मशीनला जड जातं. सकाळ, संध्याकाळ, ढगाळ दिवस अशा वेळी तेच मशीन जास्त लांबचं वाचतं.

पहिली पायरी, घरीच सेटिंग

सगळ्यात आधी युनिट बघा, मीटर की यार्ड. ही छोटी गोष्ट वाटते पण सगळ्यात महागात पडणारी हीच आहे. १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणजे स्क्रीनवर ५०० यार्ड असतील तर ते ४५७ मीटरच, ४३ मीटरचा फरक. रेंजफाइंडर, मोबाइलमधलं गोळीच्या मार्गाचा हिशोब करणारं बॅलिस्टिक अ‍ॅप आणि बंदुकीवर चिकटवलेला ड्रॉपचा (कुठल्या अंतरावर गोळी किती खाली पडते त्याचा) तक्ता, तिन्ही एकाच युनिटमध्ये पाहिजेत. बॅटरी बदलल्यावर काही मशीन सेटिंग विसरतात, तेव्हा बॅटरी बदलली की युनिट परत बघायचं, ही सवयच लावून घ्या.

मग डोळ्याजवळची रिंग फिरवून रेटिकल आणि आकडे धारदार दिसतील असं करा, आकाशाकडे धरून केलं की पटकन जमतं (सूर्याकडे अजिबात नाही). डिस्प्ले लाल असेल तर उजेड किती ठेवायचा ते बघून घ्या, दुपारी कमी ब्राइटनेसवर आकडे दिसत नाहीत आणि संध्याकाळी जास्त ब्राइटनेसवर त्या लाल उजेडाने जनावरच दिसत नाही. काळ्या आकड्यांचा साधा एलसीडी असेल तर उलट, अंधुक उजेडात गडद झाडीसमोर आकडा वाचताच येत नाही, तेव्हा घेतानाच तुम्ही कधी शिकारीला जाता त्याचा विचार केलेला बरा.

सेफ्टीचं पण सांगतो. हे लेसर साधारण क्लास १ चे असतात, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्याला धोका नाही, तरी पुढच्या काचेत डोकावून बटण दाबू नका, आणि कोणी दुर्बिणीतून तुमच्याकडे बघत असेल तर त्याच्यावर बीम मारू नका.

दुसरी पायरी, बीम खरंच रेटिकलवर आहे का

हे फार कमी लोक करतात, आणि मला विचाराल तर नवीन मशीन घेतल्यावर करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. रेटिकल आपल्याला दिसतं, बीम दिसत नाही, दोन्ही एकाच जागी असतील असं आपण गृहीत धरतो आणि प्रत्येक वेळी ते असतीलच असं नाही.

मोकळ्या जागेत १५०-२०० मीटरवरचा एकटा खांब किंवा सरळ बुंधा शोधा ज्याच्या मागे फक्त आकाश आहे. आकाशावर बीम मारला की मशीनला काहीच परत मिळत नाही, त्यामुळे रीडिंग येणार ते खांबाचंच. मशीन ट्रायपॉडवर किंवा भिंतीवर टेकवा, स्कॅन मोड (सतत मोजत राहणारा) चालू करा, आणि रेटिकल डावीकडून अगदी हळू खांबाकडे न्या. आकडा कुठे यायला लागला ते लक्षात ठेवा. मग उजवीकडून तसंच, मग खांबाच्या टोकावर वरून खाली. रेटिकल खांबाच्या बरंच डावीकडे असतानाच आकडा आला आणि उजवीकडून मात्र अगदी टेकल्यावर आला, तर तुमचा बीम रेटिकलच्या उजवीकडे आहे. किती आहे ते एका कागदावर काढून मशीनच्या कव्हरमध्ये ठेवा, म्हणजे पुढे लहान टार्गेटवर कुठे धरायचं ते कळतं. याच टेस्टमध्ये बीम आडवा लांब आहे की उभा तेही कळून जातं. फरक फारच मोठा असेल तर बदलून घ्या, अशा मशीनवर वेळ घालवू नका.

तिसरी पायरी, मोड कळून घ्या

मोड बरेच असतात, कामाचे तीनच. जवळचं टार्गेट दाखवणारा, लांबचं टार्गेट दाखवणारा, आणि स्कॅन. सावज मोकळ्यावर उभं आहे आणि मागे जंगल आहे, तर जवळचा मोड. सावज झुडपाच्या काड्यांमागे किंवा उंच गवतामागे आहे, किंवा थोडा पाऊस, धुकं आहे, तर लांबचा मोड, तो पुढच्या काड्यांचं आणि थेंबांचं रीडिंग सोडून मागचं धरतो. दाट धुक्यात मात्र कुठलाच मोड चालत नाही, पल्स धुक्यातच विखरून परत येते आणि ४० मीटर, ५५ मीटर असले आकडे येत राहतात, त्या वेळी मशीन खिशात ठेवा. गाडीच्या काचेतूनही रेंज (अंतर) घेऊ नका.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, लेसर काड्यांमधून पलीकडे गेला म्हणजे गोळी जाईल असं अजिबात नाही. शिवाय गोळीचा रस्ता सरळ रेषेत नसतो, ती वरून वळसा घेऊन खाली येते. साधारण .३०८ काडतुसाच्या बंदुकीला १०० मीटरचं झिरो असेल (म्हणजे १०० मीटरवर नेम धरला तिथेच गोळी लागते) आणि ५०० मीटरसाठी स्कोपची, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीची, सेटिंग वर चढवली असेल तर अर्ध्या वाटेवर गोळी नजरेच्या रेषेपेक्षा अर्धा मीटर किंवा जास्तच वरून जाते. म्हणजे स्कोपमध्ये समोर सगळं मोकळं दिसतंय पण २५० मीटरवर वर एक फांदी आहे, तिला गोळी लागू शकते. अशा फांदीची पण रेंज घ्या आणि तिथे गोळी किती वर असेल ते तक्त्यात बघा.

चौथी पायरी, जागेवर बसल्यावर आधी रेंज कार्ड

बसायच्या जागेवर पोचलात की सावज यायची वाट बघत नुसते बसू नका. समोरच्या प्रत्येक ठळक गोष्टीची रेंज घ्या, तो पांढरा दगड, ते वाकडं झाड, ओढ्याचं वळण, पलीकडच्या बांधाचं टोक, आणि वहीत छोटा नकाशा काढून आकडे लिहा. पेन्सिलनेच लिहा, ओल्या कागदावर पेन चालत नाही. सावज आलं की बऱ्याचदा रेंज घ्यायला हात हलवण्याइतकाही वेळ नसतो, किंवा ते गवतात अर्धं बुडालेलं असतं आणि मशीनला धड रीडिंग मिळत नाही, त्या वेळी "वाकड्या झाडाच्या थोडं अलीकडे, म्हणजे ३३० च्या आसपास" हे आधीपासून माहीत असणं खूप कामाला येतं. शिवाय कुठल्या रेषेच्या पलीकडे मारायचंच नाही ती रेषा पण तिथेच शांतपणे ठरवून टाकता येते. सावज समोर आल्यावर ठरवायला गेलात तर ती रेषा हळूहळू लांब सरकत जाते, सगळ्यांचंच होतं तसं.

पाचवी पायरी, सावज आल्यावर रीडिंग कसं घ्यायचं

हातात धरून २०० मीटरपर्यंत चालून जातं. त्यापुढे टेकू पाहिजेच. हात १ मिलिरेडियन हलला की ४०० मीटरवर बीम ४० सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अख्ख्या जनावरावरून जातो. ट्रायपॉड सगळ्यात उत्तम, नाहीतर बॅग पुढ्यात घेऊन त्यावर दोन्ही हात, किंवा बसून कोपरं गुडघ्यांच्या आत टेकवून. काठी असेल तर काठीला मशीन लावून एकाच मुठीत धरा. श्वास अर्धा सोडा आणि बटण झटक्यात दाबू नका, हळू दाबा, दाबतानाच मशीन सगळ्यात जास्त हलतं.

रेटिकल पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या मधोमध ठेवा. डोकं, मान, पाय यावर रेंज घेऊ नका, बारीक असतात, बीम बाजूने निघून जातो. एकदा आकडा आला की तेवढ्यावर थांबायचं नाही, कमीत कमी तीनदा घ्या. ४१२, ४११, ४१२ असं आलं तर ठीक. ४१२, ४८७, ४१२ असं आलं तर मधला मागच्या जमिनीचा आहे. ४१२, ३७०, ३७१ असं आलं तर थांबा, कारण आता बहुमत गवताचं पण असू शकतं. अशा वेळी जनावराच्या पायाजवळच्या जमिनीची रेंज घ्या, मग त्याच्या बाजूलाच त्याच रेषेत एखादं झाड किंवा दगड असेल त्याची घ्या, मग जनावराच्या स्पष्ट पुढे असलेल्या आणि स्पष्ट मागे असलेल्या वस्तूची घ्या. खरा आकडा त्या दोन्हींच्या मध्ये बसलाच पाहिजे. बसत नसेल तर तो आकडा जनावराचा नाही.

जमीन कशी आहे त्यावर किती सावध राहायचं ते ठरतं. सावज समोरच्या चढाच्या अंगावर उभं असेल तर बीम चुकला तरी मागची माती दोन-चार मीटरवरच असते, फारसं बिघडत नाही. पण सपाट माळावर किंवा कड्याच्या धारेवर उभं असेल तर पाठीवरून निसटलेला बीम थेट ८०-१०० मीटर मागे जाऊन आपटतो. तेव्हा सपाटीवर आणि धारेवर दुप्पट वेळ लावा, समोरच्या उतारावर थोडं पटकन केलं तरी चालतं.

आणि रेंजफाइंडर जवळ असताना काहीतरी हललं म्हणून बघायला बंदुकीचा स्कोप वापरायचा नाही. ते काय आहे हे आधी रेंजफाइंडरने किंवा दुर्बिणीने बघा, बंदूक त्यानंतर. समोर माणूस असू शकतो, त्याच्याकडे नळी जाताच कामा नये.

सहावी पायरी, चढ-उताराचा हिशोब

गोळी किती खाली पडणार हे आडव्या अंतरावर ठरतं, तिरक्या अंतरावर नाही. म्हणून वर मारा की खाली मारा, तिरकं अंतर धरून मारलंत तर गोळी वरून जाते, दोन्हीकडे वरूनच. ढोबळ नियम असा की तिरकं अंतर गुणिले कोनाचा कोसाइन. ४०० मीटर आणि ३० अंश असेल तर ०.८६६ ने गुणून ३४६ मीटर धरायचे. १५ अंशाला ३८६, म्हणजे छोट्या कोनाला फरक कमी, पण कोन वाढला की एकदम वाढतो, ४५ अंशाला ४०० चे २८३ होतात. डोळ्याने कोन सांगायला जाऊ नका, उतार नेहमी आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. आजकालचे बरेच रेंजफाइंडर कोन मोजून सुधारलेला आकडा स्वतःच दाखवतात.

इथे नवीन लोकांचा एक मोठा घोळ होतो. मशीन सुधारलेलं अंतर दाखवतंय, तोच आकडा अ‍ॅपमध्ये टाकतात, आणि वर अ‍ॅपमध्ये ३० अंश कोन पण टाकतात, म्हणजे एकच सुधारणा दोनदा झाली आणि गोळी खाली. नियम पक्का करा, अ‍ॅप वापरताना तिरकं अंतर आणि कोन, कागदी तक्ता वापरताना सुधारलेलं अंतर. वाऱ्याचा हिशोब मात्र तिरक्या पूर्ण अंतरावर करायचा, कारण गोळी वाऱ्यात तेवढं अंतर कापत असते.

सातवी पायरी, मारायचं की नाही

आकडा बरोबर असणं का एवढं महत्त्वाचं ते आकड्यातच बघा. वर सांगितलेल्या .३०८ लाच, ढोबळमानाने, २०० मीटर समजून २२० वर मारलंत तर गोळी ४-५ सेंटीमीटर खाली लागते, वर्मी लागायची जागा २०-२५ सेंटीमीटरची असते, चालून जातं. पण ४५० समजून ५०० वर मारलंत तर गोळी ४० सेंटीमीटर खाली जाते, म्हणजे पाय मोडतो किंवा पूर्णच हुकते, आणि पाय मोडलेलं जनावर पळून जाऊन कुठेतरी तडफडत मरतं. हे टाळायला तर हे मशीन घेतलंय. तुमच्या काडतुसाचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही टार्गेटवर स्वतः मारून काढले पाहिजेत, पण लांब गेलं की अंतराची चूक जास्त जास्त महाग होत जाते हे सगळीकडे तेच.

आणि मशीन वारा सांगत नाही. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५०० मीटरवर ही गोळी अर्ध्या मीटरच्या वर ढकलतो. गोळी तिथे पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. तेव्हा रेंजफाइंडर १,००० मीटरवरचं हरीण मोजतो म्हणून तिथवर मारायचं असं नसतं. तुमची हद्द तीच जिथे टार्गेटवर, थंड नळीच्या पहिल्या गोळीने, शिकारीतल्या बैठकीतून तुम्ही दर वेळी २० सेंटीमीटरच्या आत लागता. माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने पहिले काही हंगाम रेंजफाइंडर जवळ जायला वापरावा, लांबून मारायला नाही. ४८० दिसलं की मधली घळ कुठे आहे, तिच्यातून २५० वर जाता येईल का, हे बघायचं.

रेंज घेतली आणि मग बैठक जमवण्यात वेळ गेला, जनावर सरकलं, तर परत रेंज घ्या. सोबतीला कोणी असेल तर एकाने फक्त रेंज सांगायची, दुसऱ्याने नळीवरच राहायचं, आणि मारणाऱ्याने तो आकडा तोंडाने परत म्हणायचा.

बॅटरी गेली तर

थंडीत बॅटरी लवकर बसते, मशीन आतल्या खिशात ठेवा, एक जादा सीआर२ किंवा तुमच्या मॉडेलला जी लागते ती जवळ ठेवा. मोजपट्टीवाला रेटिकल स्कोपमध्ये असेल तर मिलवरून (मिल म्हणजे मिलिरेडियन) अंदाज काढता येतो, वस्तूची उंची मीटरमध्ये गुणिले १००० भागिले किती मिल दिसते ते. १ मीटरची गोष्ट २.५ मिल दिसली तर ४०० मीटर. पण जनावराची उंची तुम्ही १ मीटर धरली आणि ते खरं ९० सेंटीमीटरचं निघालं तर अंतर १० टक्के चुकलं, म्हणून हा अंदाज लांबच्या गोळीसाठी नाही.

गोळी मारल्यावर रेंजफाइंडर परत काढा

हे कोणी शिकवत नाही. ४०० मीटरवर सावज पडलं किंवा झाडीत गेलं, तुम्ही तिकडे चालत गेलात, तर तिथून सगळं वेगळंच दिसतं, प्रत्येक झुडूप सारखं वाटतं आणि रक्ताचा माग कुठून सुरू करायचा तेच सापडत नाही. म्हणून उठण्याआधी जनावर नेमकं जिथे उभं होतं त्या जागेची आणि शेवटचं दिसलं त्या जागेची रेंज घेऊन लिहा, होकायंत्राची दिशा पण लिहा, मोबाइलने एक फोटो काढा. बसायच्या जागेवर भडक रंगाचं जाकीट किंवा कापड उंचावर टांगा. पलीकडे पोचलात की मागे वळून त्या कापडाची रेंज घ्या, ३७५ आलं आणि गोळी ४१२ वर मारली होती तर अजून ३७ मीटर पुढे जायचंय, दिशा तीच ठेवून. ४१२ जुळलं की तिथे फांदीला रिबीन बांधा आणि तिथून गुडघ्यावर बसून केस, रक्त, खुरांनी उकरलेली माती शोधायला लागा. काहीच दिसत नसलं तरी गोळी हुकली असं लगेच धरू नका, त्या रिबिनीभोवती गोल गोल वाढवत शोधा, शेवटचं दिसलं त्या जागेपर्यंत प्रत्येक पावलाला खाली बघत जा.